तीव्र दम्यासाठी बायोलॉजिक (दम्यातली सूज वाढवणाऱ्या ठरावीक घटकांना रोखणारं इंजेक्शन) सुरू केलंय? मग एवढं सांभाळा

पहिल्या इंजेक्शनआधीच वहीत लिहून ठेवा, वर्षभरात किती अटॅक आले, स्टेरॉइडच्या गोळ्या किती वेळा लागल्या, रात्री किती वेळा उठून बसावं लागलं, कारण साधारण 4 महिन्यांनी डॉक्टर फरक विचारतात तेव्हा नेमकं काही आठवत नाही. इओसिनोफिलचा (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) रिपोर्टही जपा, मेपोलिझुमॅब हे बायोलॉजिक द्यायचं की दुसरं काही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, गरम पाण्यात अजिबात नाही.

बरं वाटलं की लोक इनहेलर सोडतात, प्लीज नका सोडू! स्टेरॉइडच्या गोळ्याही मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. 12 महिने अटॅक नाही, गोळ्या नाहीत, त्रास आटोक्यात, फुंकर टेस्ट (फुप्फुसांची क्षमता मोजणारी) स्थिर, याला साधारण रिमिशन म्हणतात, पण उपचार चालू ठेवूनच.