ताप, धाप आणि एक्स-रेवरचे डाग: एंडोकार्डायटिसमधलं फुप्फुस ग्रामीण रुग्णालयात कसं ओळखावं

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग (एंडोकार्डायटिस) झाला की फुप्फुस दोन वाटांनी बिघडतं. उजवी, बहुधा ट्रायकस्पिड झडप असेल तर तिच्यावरच्या जंतूंच्या गुठळ्या सुटून फुप्फुसात अडकतात. डावी, म्हणजे मायट्रल किंवा एओर्टिक झडप गळू लागली तर रक्त मागे तुंबून फुप्फुसात पाणी भरतं. वाट कोणती हे आधी ठरवा, कारण तापाच्या रुग्णाला सवयीने लावलेल्या दोन सलाइन दुसऱ्या वाटेत जिवावर बेततात.

उजव्या बाजूसाठी विचारा: डायलिसिसचा कॅथेटर, पेसमेकर, नसेतून नशा, बाळंतपण किंवा गर्भपातानंतरचा ताप, जन्मापासून हृदयात छिद्र. मग कपडे काढून अंग बघा. पऱ्हाटीचं धसकट लागून चिघळलेला पाय किंवा पाठीवरचं गळू रुग्ण आपणहून सांगत नाही. डाव्या बाजूसाठी लहानपणी सांधे सुजल्याचा, झडप बदलल्याचा इतिहास काढा. स्टेथोस्कोपला आवाज आला नाही म्हणून झडप सोडून देऊ नका; ट्रायकस्पिडचा आवाज सुरुवातीला अनेकदा नसतोच.

श्वास घेताना बरगडीत कळ, खोकला, थुंकीत रक्त आणि एक्स-रेवर दोन्हीकडे, कडेकडेने गोल डाग, त्यातले काही पोकळ झालेले: इथेच चुकून टीबीची औषधं सुरू होतात. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी कराच, पण तीन-चार दिवसांनी दुसरा एक्स-रे काढा. नवे डाग उमटले, जुने पोकळ झाले तर गुठळ्यांचा संशय धरा. टीबी एवढ्या झपाट्याने रूप बदलत नाही. शिवाय टीबीचं औषध रिफाम्पिसिन हे झडपेवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूवरही चालतं, त्यामुळे ताप थोडा उतरतो आणि निदान आणखी लांबतं. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. त्यातल्या ॲक्यूट चेस्ट सिंड्रोममध्येही ताप, कळ आणि डाग असतात, मात्र पोकळ्या सहसा नसतात.

सगळ्यात जास्त चुका ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत होतात. अँटिबायोटिकचा एक डोस आधी गेला तरी कल्चर कोरं येऊ शकतं. तीन वेगवेगळ्या जागी टोचून तीन संच घ्या, दर बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. दोन संचांत किमान अर्धा तास ठेवा. ताप चढायची वाट बघू नका, या आजारात जंतू रक्तात सतत असतात. बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा, त्वचेवर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन लावून 30 सेकंद वाळू द्या आणि मग ती जागा बोटाने चाचपू नका. सलाइनच्या सुईतून रक्त ओढू नका. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. रुग्ण शॉकमध्ये (बीपी फार पडलेलं) असेल तर दोन संच लागोपाठ घेऊन लगेच अँटिबायोटिक द्या. व्हँकोमायसिन देत असाल तर पहिला डोस दर किलोला 25 ते 30 मिग्रॅ, पण ताशी 1 ग्रॅमपेक्षा वेगाने नको. अंग लाल होतं, बीपी पडतं.

गुठळी दिसली म्हणून रक्त पातळ करणारं हेपरिन देऊ नका. ही गुठळी जंतूंची आहे, हेपरिनने ती हटत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. फुप्फुसाच्या कडेची पोकळी फुटून अचानक दम कोंडला तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणं) बघा आणि छातीत नळी घाला. पू साचला तरी नळीच.

आता डावी बाजू. आडवं झालं की धाप, दोन्हीकडे खरखर: बसतं करा, ऑक्सिजन लावा, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड 40 मिग्रॅ शिरेतून द्या, सलाइन बंद करा. एओर्टिक झडप गळत असताना नाडी वेगात आहे म्हणून ती मंदावणारं मेटोप्रोलॉल देऊ नका. हृदयाचा वेग कमी झाला की मागे गळायला वेळ जास्त मिळतो. अशा रुग्णाला तातडीने ऑपरेशन लागू शकतं. त्यामुळे 108 ने पाठवताना जिथे इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदय शस्त्रक्रिया दोन्ही होतात तिथेच पाठवा, उदाहरणार्थ नागपूरचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय; मधल्या रुग्णालयात एक दिवस घालवू नका.

रेफरच्या चिठ्ठीवर प्रत्येक कल्चरची वेळ, कोणत्या हातातून घेतलं आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसची वेळ लिहा. दोन्ही एक्स-रे फिल्म सोबत द्या. नातेवाइकाच्या मोबाइलमधल्या फोटोत बारीक पोकळ्या दिसत नाहीत.