बीटलचं इंजिन बांधताना: पत्रे आणि पंखा

फोक्सवॅगन बीटलच्या 1600 सीसी इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. पंख्याची हवा पत्र्यांच्या बंद वाटेने फिन्समधून, म्हणजे सिलिंडर आणि हेडवरच्या पातळ पात्यांमधून जाते, एवढीच सोय. म्हणून काळे पत्रे शोभेचे समजून अर्धे काढून ठेवलेत, तर नवं बांधलेलं इंजिन लवकर तापेल.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवण्याआधी त्याच्या फिन्समध्ये पातळ तार घालून पाहा. ओतकामाचं जादा धातू अडकून कित्येक फटी बंदच असतात, विशेषतः प्लगच्या आसपास. कानशीने किंवा ड्रिलने त्या मोकळ्या करा. सिलिंडरखालचे वळणदार पत्रेही आत्ताच लावायचे, हेड चढल्यावर ते बसत नाहीत. ते नसले की हवा वरून सरळ खाली निघून जाते आणि सिलिंडरची खालची बाजू गरमच राहते. खालच्या स्टडवर पत्रा सैल वाटला तर कडा किंचित वाकवा, नाहीतर खडखडेल.

मग ऑइल कूलर. आधीच्या इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल तर जुना कूलर टाकून द्या, कितीही धुतला तरी आतला कीस पूर्ण निघत नाही. केसची (इंजिनच्या मुख्य सांगाड्याची) भोकं 8 मिमीची आहेत की 10 मिमीची, हे मोजूनच रबरी सील घ्या. केस एका मापाची आणि कूलर दुसऱ्या, तर दोन्ही मापांचे, पायरीचे सील लागतात. सीलंट लावू नका. नट 7 न्यूटन-मीटरवर थांबवा. पंख्याचं हाउसिंग (पत्र्याचं कवच) चढवण्याआधी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा आणि कूलरच्या बुडाशी बोट फिरवा. ओलं लागलं तर आत्ता दहा मिनिटांचं काम आहे, नंतर अख्खं हाउसिंग उतरवावं लागतं.

1971 च्या मॉडेलपासून कूलर हाउसिंगच्या बाहेर, वेगळ्या खोक्यात आला. त्याआधी तो आतच उभा असे आणि 3 नंबरच्या सिलिंडरची हवा अडवत असे. नव्या पद्धतीत कूलरमधून आलेली गरम हवा गाडीखाली नेणारा छोटा पत्राही हवाच. तो विसरलात तर तीच हवा इंजिनच्या खोलीत येते आणि पंखा ती पुन्हा ओढतो.

पंखा जनरेटरवर बसवताना मागच्या झाकणाची खाच खाली यायला हवी. पंखा आणि झाकण यांच्यात 2 मिमी अंतर ठेवा. ते हबमागच्या शिमने, म्हणजे पातळ चकतीने जमतं. मधला नट 60 न्यूटन-मीटर. हाताने फिरवून ऐका. कुठेही घासल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

थर्मोस्टॅट 1 आणि 2 नंबरच्या सिलिंडरखाली बसतो. तो म्हणजे एक बेलोज, घड्यांची धातूची डबी. थंड असताना तो आकसून हाउसिंगमधल्या हवेच्या झडपा मिटवतो, 65 ते 70 अंशांना पसरून उघडतो. गरम पाण्यात तपासा: पसरल्यावर लांबी किमान 46 मिमी भरली पाहिजे. तो पूर्ण पसरलेला आणि झडपा पूर्ण उघड्या असताना बेलोजचं टोक ब्रॅकेटच्या वरच्या कडेला टेकेल, असा ब्रॅकेट पक्का करा. फुटलेला बेलोज आपोआप पसरतो, झडपा उघड्याच राहतात, म्हणून बिघाडाने इंजिन जळत नाही. तो काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका. थंड इंजिन तापायला वेळ घेतं आणि तेवढी झीज वाढते.

सगळे पत्रे सैल लावून, एकमेकांवर नीट बसल्यावरच स्क्रू आवळा. प्लगच्या वायरींची रबरं आणि इंजिनच्या खोलीभोवतीचं सील शाबूत असू द्या. हीटरच्या नळ्या लावणार नसाल तर हाउसिंगची दोन्ही तोंडं बूच मारून बंद करा, तिथून बरीच हवा वाया जाते.

शेवटी पंखा आणि जनरेटर फिरवणारा बेल्ट: अंगठ्याने दाबल्यावर साधारण 15 मिमी खाली जायला हवा. सैल असेल तर जनरेटरच्या पुलीच्या दोन भागांमधली एक शिम काढा आणि नटाखाली ठेवा, फेकू नका. बेल्ट बदलाल तेव्हा ती परत मध्ये घालावी लागेल.