बांगलादेश बॉर्डरवर पोस्टिंग आली तर: बीएसएफची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी

एसएससी जीडीची (बीएसएफसारख्या दलांतल्या कॉन्स्टेबल भरतीच्या परीक्षेची) तयारी करणारी गावाकडची पोरं सारखं विचारतात, दादा बॉर्डरवर नक्की काय करावं लागतं? पोरांनी 5 किमी 24 मिनिटांत कसे काढायचे हे अ‍ॅकॅडमीवाले सांगतातच, 2024 पासून पेपर मराठीतही देता येतो हेही आता सगळ्यांना माहितीये, म्हणून मी थेट ड्युटीचं सांगतो. मी बीएसएफमध्ये, म्हणजे सीमा सुरक्षा दलात, पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात तीन वर्षं होतो.

जायच्या आधी मला वाटायचं बॉर्डर म्हणजे तार, अलीकडे आपण आणि पलीकडे ते. तसं नाहीये. 1975 साली दोन्ही देशांत ठरलं की झिरो लाईनपासून, म्हणजे दोन देशांच्या खऱ्या हद्दीपासून, 150 यार्डांच्या आत संरक्षणासाठी काही बांधायचं नाही, त्यामुळे आपली तार आपल्याच हद्दीत आत आहे आणि तारेपलीकडे आपल्याच शेतकऱ्यांची जमीन, काही ठिकाणी तर घरंसुद्धा. सकाळी गेट उघडायचं, लोक रांगेत उभे, प्रत्येकाचं मतदान कार्ड जमा करायचं, रजिस्टरला नाव, बैल किती, खताच्या गोण्या किती, विळा आहे का, आणि परत येताना सगळं जुळवून बघायचं. हे काम नव्या पोरांना कंटाळवाणं वाटतं पण माझ्या मते बॉर्डरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कारण कोण रोजचा आणि कोण नवा हे तिथेच कळतं.

ही बॉर्डर 4,096 किमीची आहे, त्यातल्या साधारण 860 किमीवर अजून तार नाही, आणि काही ठिकाणी नदी, दलदल असल्यामुळे लागूही शकत नाही. आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेच्या पट्ट्यात 2019 मध्ये सेन्सर, कॅमेरे बसवले, नदियात 2023 मध्ये कुणी तार कापायला येऊ नये म्हणून तारेला मधमाश्यांच्या पेट्या लावल्या. हे सगळं चांगलंच आहे, पण पावसाळ्यात ताग पुरुषभराहून उंच वाढतो आणि थंडीत धुकं असं पडतं की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, तेव्हा शेवटी कान आणि टॉर्चच कामाला येतात.

तस्करीचा माल पकडला की काम संपलं असंही समजू नका. आपण तपास करत नाही, माल आणि माणूस पोलिसांकडे किंवा कस्टमकडे द्यावा लागतो. माझ्याकडून एकदा तस्करीच्या कफ सिरपच्या बाटल्या अंधारात मोजताना तीन कमी लिहिल्या गेल्या, सकाळी कस्टमला देताना आकडा जुळेना, सगळी कागदपत्रं परत करावी लागली आणि वरून उत्तर द्यावं लागलं ते वेगळं. चूक माझी होती. दहा दहाच्या ओळी लावून दोघांनी मोजा आणि वेळ लगेच लिहून ठेवा.

पंजाबला गेलात तर गोष्ट वेगळी, तिथे आता हेरॉईन आणि पिस्तुलं छोट्या चिनी ड्रोनने येतात. त्यामुळे आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स वगैरे केलेल्यांनी ते वाया गेलं असं अजिबात समजू नका.

आता सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. एका संध्याकाळी गेट बंद करताना डब्यात एकच कार्ड उरलं, एका म्हाताऱ्या काकांचं. शोधायला गेलो तर तागाच्या बांधावर बसलेले, थरथरत होते, मला म्हणाले "जोर, जोर". मला वाटलं कुणी जबरदस्ती केली, मी विचारत बसलो कोण होतं, कुठे गेले, पलीकडून आले का, इकडे वायरलेसवर पण कळवून टाकलं. मागून आमचा बंगाली साथीदार आला, त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला अरे, यांना ताप आहे. बंगालीत ताप म्हणजे ज्वर, आणि त्याचा उच्चार आपल्या कानाला जोरच ऐकू येतो. तेवढा वेळ ते तापात तसेच बसून होते, हे मला अजून लागतं.

ट्रेनिंगला कुणी आपल्या लातूरच्या चाकूरला जाईल, कुणी कुठे लांब, पण बंगालची ऑर्डर हातात आली की त्याच दिवशी वहीत शंभर बंगाली शब्द लिहून घ्या, आजारपण, गुरं आणि पिकं यांचे आधी, आणि ते बंगाली माणसाच्या तोंडून ऐकून घ्या, नुसते वाचू नका.