बेटावरच्या सुट्टीत पाण्यात उतरण्यापूर्वी या चुका टाळा

बेटावरील सुट्टीचे वेळापत्रक आखताना अनेक जण स्कूबा डायव्हिंगचा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी मारण्याचा) आनंद शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात, आणि नेमकी हीच चूक सर्वांत महागात पडू शकते. समुद्रात दर 10 मीटर खोलीमागे साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातील हवेतला नायट्रोजन अधिक प्रमाणात रक्तात विरघळतो. वर आल्यानंतर तो शरीराबाहेर पडायला बरेच तास लागतात. विमानाच्या केबिनमधील दाब मात्र 1800 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी असू शकतो, त्यामुळे घाईने विमानात बसल्यास सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे नायट्रोजनचे बुडबुडे शरीरात तयार होण्याचा धोका असतो. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, तर अनेक डाइव्ह झाल्या असल्यास किमान 18 तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य संकेत आहे. सरळ 24 तास मोकळे ठेवले तर हिशेब करण्याचीही गरज राहत नाही. तेव्हा डायव्हिंग आधी उरकावे आणि शेवटच्या दिवशी पृष्ठभागावरचे स्नॉर्केलिंग (मास्क लावून, नळीने श्वास घेत पालथे पोहणे) करावे.

येण्याच्या दिवसाचेही गणित असते. मालदीवमध्ये सी-प्लेन (पाण्यावर उतरणारी छोटी विमाने) केवळ दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे संध्याकाळी उतरणाऱ्या पाहुण्याला दूरच्या रिसॉर्टवर पोहोचण्यासाठी सकाळची वाट पाहावी लागू शकते.

सर्दी झालेली असताना, पैसे भरले आहेत म्हणून, नाक मोकळे करणारे औषध घेऊन डाइव्ह करणे हा शुद्ध अविचार होय. औषधाचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला, तर वर येताना कानात व सायनसमध्ये हवा कोंडते. खाली जातानाही कान दुखू लागण्याची वाट न पाहता, पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून बंद नाकात हलकेच फुंकत राहावे.

पॅडलबोर्ड (उभे राहून वल्हवायची फळी) आणि कयाक (अरुंद वल्ह्याची होडी) यांच्या बाबतीत फसवते ते शांत पाणी. शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई वारे इथे आठवावेत, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की किनाऱ्यालगत लाटा उठत नाहीत, बोर्ड आपोआप पुढे सरकतो आणि परत वळल्यावरच त्या वाऱ्याचा जोर कळतो. बेटाच्या आडोशाच्या बाजूला तर दिवसभर हीच स्थिती असू शकते. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे थकल्यावर वाराच परत आणतो. तरीही वाहत गेलात, तर बोर्ड सोडून पोहत किनारा गाठण्याचा प्रयत्न करू नये. तरंगणारा बोर्ड शोधणाऱ्यांना लांबून दिसतो, माणसाचे डोके दिसत नाही.

स्नॉर्केलिंगच्या मास्कमध्ये पाणी शिरते, तेव्हा लोक पट्टा आणखी आवळतात आणि गळती वाढते, कारण रबरी कड चेहऱ्यावर मुडपते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तरच तो आपल्या मापाचा. कडेखाली अडकलेली केसांची एखादी बटही पाणी आत घेते, आणि मिशा असणाऱ्यांना थोडी गळती सोसावीच लागते. नवा मास्क सारखा धुरकट होत असेल, तर काचेवरचा कारखान्यातला पातळ थर साध्या टूथपेस्टने आतून चोळून काढावा. पालथे पोहताना मान, पाठ आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजून निघते, हे रात्री अंथरुणावर पडल्यावरच समजते. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा अधिक भरवशाचा.

जेट स्कीला मोटारीसारखे ब्रेक नसतात, याची कल्पना अनेकांना नसते. समोर काही आले की नवशिका घाबरून थ्रॉटल (वेग देणारा खटका) सोडतो आणि तिथेच घात होतो, कारण बहुतेक जेट स्की पाण्याच्या फवाऱ्यानेच वळतात आणि फवारा थांबला की हँडल फिरवूनही त्या सरळच जातात. चालवायला घेण्यापूर्वी वळणे आणि थांबण्याचे अंतर उघड्या पाण्यात अजमावून पाहावे, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय किल्ली फिरवू नये.