शिसं रोज पोटात किती जातंय? हळद, प्रोटीन पावडर आणि भस्मांचा हिशोब असा लावा

2015 साली मॅगीवर बंदी आली होती ते आठवत असेल. एका नमुन्यात 17.2 पीपीएम शिसं निघालं, लिमिट 2.5, मग जूनमध्ये बंदी आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती उठवली, परत मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासा म्हणून. घराघरात चर्चा झाली पण ती सगळी पीपीएमवर. आपण रोज किती ग्रॅम खातो, हे कोणी विचारलंच नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

म्हणून आधी गणित शिकून घ्या, सोपं आहे. 1 पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅम. पीपीएम गुणिले रोजचे ग्रॅम, झाला तुमचा रोजचा डोस. हळदीला आपल्याकडे 10 पीपीएमपर्यंत शिसं चालतं. घरात माणशी 2 ग्रॅम हळद जात असेल आणि ती अगदी लिमिटवर असेल, तर 20 मायक्रोग्रॅम. आता प्रोटीन पावडर घ्या, त्यात समजा फक्त 0.1 पीपीएम आहे, ऐकायला काहीच नाही, पण स्कूप 30 ग्रॅमचा, म्हणजे 3 मायक्रोग्रॅम, आणि जिमवाली पोरं दिवसाला दोन-तीन स्कूप मारतात. थोडं खाल्लं जाणारं पण जास्त पीपीएमचं, आणि कमी पीपीएमचं पण भरपूर खाल्लं जाणारं, दोन्हीकडे बघावं लागतं.

आलेला डोस कशाशी ताडायचा? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, खाण्यातल्या शिशासाठी दिवसाचे आकडे ठरवलेत, मुलांना 2.2 मायक्रोग्रॅम आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना 8.8. ह्याच्यावर गेलात की लगेच आजारी पडाल असं नाही, ते मुद्दाम खूप खाली ठेवलेत. कॅलिफोर्नियात तर दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पाकिटावर इशारा छापावा लागतो, म्हणून "लिमिटपेक्षा कितीतरी पट शिसं" अशी बातमी वाचली की आधी कुठल्या लिमिटबद्दल बोलतायत ते शोधा. पण डब्ल्यूएचओचं म्हणणंही लक्षात असू द्या, शिशाची पूर्ण सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. मोठ्यांच्या पोटातून साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो, लहान मुलांच्या निम्म्यापर्यंत. ते हाडात जाऊन बसतं आणि गरोदरपणात हाडातलं कॅल्शियम सुटायला लागलं की त्याच्याबरोबर बाहेर येतं.

आता घरातल्या वस्तू एकेक काढा. मी हळदीपासून सुरुवात करेन, कारण इथे शिसं नुसतं जमिनीतून येत नाही, मुद्दाम घातलं जातं. लेड क्रोमेट नावाचा पिवळाजर्द रंग आहे, रंगकामातला. हळकुंडं उकडून वाळवली की ढोलात फिरवून पॉलिश करतात, त्या वेळी हा मारला की फिकट, भिजलेला मालसुद्धा सोन्यासारखा दिसतो. बांगलादेशात 1980 च्या दशकातल्या पुरानंतर ओल्या, काळपट हळदीवर हा उपाय सुरू झाला आणि मग रूढच झाला. 2019 मध्ये तिथे संशोधकांनी हे उघड केल्यावर सरकारने छापे टाकले, व्यापाऱ्यांना दंड केला आणि दोनच वर्षांत बाजारातली शिशाची हळद जवळपास संपली, म्हणजे मनात आणलं तर होतं. आपल्याकडे 2024 च्या एका अभ्यासात पाटण्याच्या बाजारातल्या काही नमुन्यांत 1000 पीपीएमच्या वर शिसं सापडलं. वरचं गणित लावून बघा, 2 ग्रॅमला 2000 मायक्रोग्रॅम.

घरी काय करता येईल? अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका, चांगलं हळकुंड पटकन रंग सोडत नाही आणि रंगवलेलं लगेच पाणी पिवळं करतं. ही एफएसएसएआयनेच, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेनेच, सांगितलेली चाचणी आहे, पण ती चाळणी म्हणून वापरा, पास झालं म्हणजे शिसं नाही असा अर्थ काढू नका. फार चकचकीत, एकसारखी पिवळी हळकुंडं मी तरी घेणार नाही. सांगली-हिंगोलीकडे ओळखीचा शेतकरी असेल तर पॉलिश न केलेली मागून घरी दळा. दालचिनी पावडरही बघून घ्या, 2023 मध्ये अमेरिकेत सफरचंदाच्या प्युरेच्या पाऊचमधून लहान मुलांना शिसं गेलं, ते त्यातल्या दालचिनीतूनच आलं होतं आणि तिथेही लेड क्रोमेटचाच संशय.

मग सप्लिमेंट. 2025 मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने 23 प्रोटीन पावडरी आणि शेक तपासले, त्यात वनस्पतीपासून केलेल्यांत दुधापासून केलेल्यांपेक्षा सरासरी नऊपट शिसं निघालं, झाडं मातीतून ओढतात ना. "प्लांट बेस्ड" म्हणजे जास्त शुद्ध, ही समजूत इथे उलटी पडते.

कंपनीला मेल करून त्याच बॅचचा रिपोर्ट मागा. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा: बॅच नंबर तुमच्या डब्याशी जुळतो का, लॅबला एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का, आणि शिशापुढे नुसतं "नॉट डिटेक्टेड" आहे की मशीन किती कमीपर्यंत मोजू शकतं तेही लिहिलंय. मशीनच 1 पीपीएमच्या खाली बघत नसेल तर 30 ग्रॅमच्या स्कूपात 30 मायक्रोग्रॅम लपू शकतात. रिपोर्ट द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा ब्रँड.

आयुर्वेदिक औषधांचं वेगळं आहे. नाग भस्मात शिसं चुकून नसतं, नाग म्हणजेच शिसं, रसशास्त्रातलं, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शाखेतलं, औषधच ते. त्यामुळे पाकिटामागची घटकांची यादी वाचा, नाग किंवा "भस्म" दिसलं की वैद्यांना सरळ विचारा यात कुठला धातू आहे आणि तो कशासाठी. बिनलेबलच्या पुडीतलं औषध, मग ते कितीही नावाजलेल्या वैद्याचं असो, मुलांना आणि गरोदर बाईला नकोच. 2004 मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, परदेशातल्या मुलांना इथून डबे पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

भांडी विसरू नका. भंगारातून ओतलेली स्वस्त हिंडालियमची कढई, भेसळीच्या कथलाने केलेली कल्हई, त्यात आमटी, चिंच, टोमॅटो असं आंबट शिजवलं की शिसं उतरतं. स्टीलचं वापरा, विषय संपला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला वडापावही नको, शाईत शिसं असू शकतं आणि 2018 च्या नियमाने त्यात खाणं बांधायला बंदीच आहे.

एखाद्या वस्तूचा फारच संशय असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून सरकारी विश्लेषकाकडून ती तपासून घेऊ शकतो आणि माल खराब निघाला तर फी परत मिळते. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि वरच्यापैकी काही बरेच दिवस वापरात असेल, तर डॉक्टरांना सांगून शिरेतून घेतलेल्या रक्ताची शिशाची तपासणी करा, केसांची नको. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं डब्ल्यूएचओ सांगते. बहुतेक वेळा तोच मुख्य उपचार असतो. जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं, मूल उपाशीपोटी राहत नसलं, की शिसं कमी शोषलं जातं. आणि "शरीरातलं शिसं बाहेर काढणारी" डिटॉक्सची माती ऑनलाइन मागवू नका, अशा खाण्याच्या बेंटोनाइट मातीत शिसं सापडल्यामुळे 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला लोकांना सावध करावं लागलं होतं.