माळ्यावरची जागा मे महिन्यातच मागून ठेवा

माझ्या आतेभावाचं गोव्यातल्या साखळी शहरात, सखल भागात किराणा दुकान आहे. काही वर्षांपूर्वी पावसात पहाटे त्याला फोन आला, आणि तो शटर उघडेपर्यंत आत गुडघाभर पाणी. हाताशी चार माणसं होती, टेंपोही मिळाला. पण माल न्यायचा कुठे, हेच ठरलेलं नव्हतं. समोरच्या इमारतीचा पहिला मजला रिकामा होता. त्याची किल्ली मालकाकडे, आणि मालक पणजीला. भिजलेला तांदूळ निदान कोंबड्यांना तरी गेला. साखरेचं मात्र फक्त रिकामं पोतं हाती लागलं.

2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात आणि 23 जुलै 2021 ला सत्तरी, डिचोलीत पुराने काय झालं, ते आपण पाहिलंय. तरीही दुकानदारांची तयारी म्हणजे फार तर दारात वाळूची पोती. हे काम एकट्याचं नाही. ते असं करावं.

पाण्याची रेघ शोधा. आजवर पाणी कुठवर आलं, ते वाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. त्याच्या वर एक वीत सोडून भिंतीवर रंगाची रेघ मारा. रेघेखाली बादल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाटल्या असा माल ठेवा. इन्व्हर्टर आणि वजनकाटा वर घ्या. फ्रीजचा काँप्रेसर तळाशी असतो, म्हणून फ्रीजला विटांचा ओटा बांधा. पिठाच्या गिरणीची मोटर पटकन सोडवता येते का, हे मेकॅनिकला आताच विचारून ठेवा.

उंचावरचा भागीदार निवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं. शेजारचा दुकानदार कितीही जिवाभावाचा असला, तरी तो तुमच्यासोबतच बुडणार आहे. म्हणून चढावर दुकान असलेला व्यापारी, देवळाचं सभागृह, चर्चचा हॉल, पहिल्या मजल्यावरची एखादी रिकामी खोली, यांच्याकडे मे महिन्यातच जा. देवस्थान समितीला विचारताना चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या दिवसांत सभागृह मोकळं असेल का, तेही विचारा. आपल्याकडे नेमका तेव्हाच दुकानात सगळ्यांत जास्त माल भरलेला असतो, आणि पाऊसही गेलेला नसतो.

नुसती जागा मागू नका, बदल्यात काय देणार तेही सांगा. पुरात त्याच सभागृहात लोकांना आसरा द्यावा लागला, तर तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, काडेपेट्या खरेदीच्या भावात तुम्ही पुरवाल. वाड्यावरच्या महिलांचा स्वयंसाहाय्य गट स्वयंपाक करील. हिशेब पाणी ओसरल्यावर. मदत मागायला कमीपणा वाटणाऱ्यालाही असा व्यवहार जड जात नाही.

हे सगळं एका कागदावर लिहा. किल्ली कोणाकडे, दुसरी किल्ली कोणाकडे, टेंपो कोणाचा, भाडं किती, मेन स्विच कोण बंद करणार, कुठला माल आधी उचलायचा. दोघांनी सह्या करा आणि कागद गल्ल्याशेजारी चिकटवा. घाऊक व्यापाऱ्यालाही या बोलण्यात घ्या. चवथीचा माल एकदम न पाठवता दोन खेपांत पाठव म्हणावं. उधारीवरचा माल बुडाला, तर त्याचेही पैसे अडकतातच.

नगरपालिकेकडे एकच माणूस पाठवा. दहा दुकानदारांनी दहा तक्रारी करण्यापेक्षा एकाने पावसाआधीच्या बैठकीला जावं. साखळीच्या बाजारातलं पाणी पंपांनी वाळवंटी नदीत टाकावं लागतं, आणि भरतीच्या वेळी नदीचं पाणी सावकाश सरतं. तेव्हा पंप कोण चालवतो आणि त्याचा नंबर काय, हे त्या माणसाकडे लिहिलेलं हवं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. ‘आपदा मित्र’ या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेत प्रशिक्षण घेतलेलं कोणी जवळपास राहतं का, याची चौकशी मामलेदार कचेरीत करा. आणि गटारात अडकलेले खोके, थर्माकोल आपल्याच दुकानांतले असतात, हेही त्या बैठकीत कबूल करावं.

इशारा आल्यावर काय करायचं, ते ठरवा. मोबाइलवर आपत्तीचे इशारे देणारं ‘सचेत’ हे सरकारी ॲप घ्या. हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला की रेघेखाली राहिलेला भिजणारा माल वर. लाल इशारा, म्हणजे 24 तासांत 204.4 मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता, आला की टेंपोवाल्याला फोन. व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका, रात्री सगळ्यांचे ग्रुप मुके असतात. एकाने तिघांना फोन करायचा, त्या तिघांनी पुढच्या तिघांना. नेटवर्क गेलं तर स्कूटरवरून जाऊन दार ठोठावणारा मुलगाही आधीच नेमा. जीव अडकला असेल तर 112.

मे महिन्यातल्या एका रविवारी तालीम करा. फक्त एक मांडणी रिकामी करून वर न्या आणि घड्याळ लावा. एवढा वेळ लागतो हे पाहूनच अर्धी माणसं जागी होतात.

विमा नीट वाचा. एका जागेवरची एकूण जोखीम 5 कोटींपर्यंत असेल, तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे आणि तिच्यात पूर, वादळ येतं. बँकेने कर्जासोबत काढलेला विमा असेल तर त्यात पूर आहे का, हे लेखी विचारा. एक खाच लक्षात ठेवा. विमा सहसा पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यावरच्या मालाचा असतो. सभागृहात हलवलेल्या मालाचं काय, हे एजंटकडून आधीच लिहून घ्या. मालाची यादी दर महिन्याला करा आणि तिचा फोटो गोव्याबाहेरच्या एखाद्या नातेवाइकालाही पाठवा.

पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेऊ नका, आधी मोबाइल घ्या. भिंतीवरची चिखलाची रेघ, भिजलेली पोती, बंद पडलेला फ्रीज, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. नुकसान पाहणारा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका. फारच वास मारू लागला तर कंपनीला विचारून, पंचनामा करूनच हलवा. आणि इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.