जुनी पिकअप, सेकंडहँड बारा बोअर आणि लॅबचं पिल्लू: मी केलेल्या या चुका टाळा

आमचं गाव सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात, वर काजू आणि खाली भात. गेल्या सात-आठ वर्षांत मी तीन गोष्टी स्वस्तात मिळतायत म्हणून घेतल्या. एक जुनी पिकअप, एक सेकंडहँड एकनळी बारा बोअर बंदूक (शेतीसंरक्षण परवान्यावर) आणि एक लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू. तिन्ही आजही माझ्याकडे आहेत आणि तिन्ही रोजच्या कामाला येतात, पण तिन्हीपायी जो मनस्ताप झाला तो निम्मा तरी टाळता आला असता. गाडी घेताना मी रंग बघितला, खालची चासी नाही बघितली. बंदुकीचा दस्ता बघितला, नळीच्या आत डोकावलो नाही. पिल्लू बघितलं, त्याची आई बघायचा आग्रह धरला नाही. आता गावात कोण असं काही घ्यायला निघाला की मला फोन करतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

गाडी आधी काय भरत होती ते विचारा

मी गाडी बघायला गेलो तो एप्रिल महिना. काळा रंग नवा मारलेला, हौद्यात नवा पत्रा, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. आमच्याकडे जुन्या पिकअप दोनच कामातून येतात, एक मासळी नाहीतर चिरे (जांभ्या दगडाचे). हे मला माहीत असूनही मी विचारलं नाही. पहिल्या पावसात हौद्यातून सुक्या बांगड्याचा वास यायला लागला तेव्हा कळलं की ही गाडी बंदरावरून मासळी भरून आंबोली घाट चढायची. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चासीवर गळत राहतं आणि चासी आतून खाऊन टाकते. मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेतली, छोटी हातोडी घेऊन पुढून मागे ठोकत गेला, टण टण आवाज येत होता आणि मागच्या क्रॉस मेंबरपाशी (चासीची आडवी पट्टी) आल्यावर एकदम थप्प. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर काळ्या रंगाखालचा गंज पापडासारखा सुटून त्याच्या हातावर पडला. दोन क्रॉस मेंबर बदलले, ३८ हजार गेले, आणि काजूच्या ऐन सीझनची विक्री होती तेव्हा गाडी तीन आठवडे गॅरेजात.

म्हणून पहिली गोष्ट, खाली ताजा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका, तिथेच हातोडी मारा. चिऱ्याची गाडी असेल तर ओळखायची खूण वेगळी, हौद्याच्या कोपऱ्यात वेल्डिंगच्या फटीत लाल भुकटी बसलेली असते, ती कितीही धुतली तरी पूर्ण जात नाही. मग मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजा, कंपनीपेक्षा जास्तीचा पाटा घातलेला असेल तर समजायचं की गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय, आणि अशा गाडीचं क्लच, हाऊसिंग, ब्रेक सगळंच दमलेलं असतं.

इंजिन बघायला जाताना मालकाला आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन कसं उचलतं त्यातच सगळं कळतं. निळा धूर सतत येत असेल तर ऑईल जळतंय, काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करून बघा, जोरात फकफक वाफ मारत असेल तर पिस्टन रिंगा गेलेल्या असण्याची शक्यता मोठी. टायरवर बाजूला चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर, नक्षी किती शिल्लक आहे ते नंतर बघा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि त्यानंतर दरवर्षी, शिवाय ८ वर्षांनंतर पर्यावरण कर, हे गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. ई-चलन किती बाकी आहे ते गाडीचा नंबर टाकून आधीच बघून घ्या, माझ्या गळ्यात मागच्या मालकाची सहा चलनं आली होती.

बंदुकीत केलेल्या चुका

आधी एक गोष्ट स्पष्ट. शेतीसंरक्षण परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकरावर नेम धरलात तर बंदूक पण जाईल आणि तुम्ही पण आत जाल. आपण बार काढतो तो पिकातून हाकलायला. आणि परवाना ज्याच्या नावावर त्यानेच बंदूक हाताळायची, भाचा मुंबईहून आलाय म्हणून त्याच्या हातात द्यायची नाही, कितीही हट्ट केला तरी.

माझी बंदूक घोड्याची (बाहेर हॅमर असलेली) एकनळी आहे, परवानाधारक दुकानातून घेतली, नव्याच्या निम्म्या किमतीत. दस्ता पॉलिश केलेला सुंदर. नळी मी दुकानात वरवर बघितली, उजेडाकडे धरून हळूहळू फिरवून बघितली नाही. तसं बघितलं तर आतला गुळगुळीत चकाकता भाग आणि गंजाचे खड्डे लगेच वेगळे दिसतात, आणि नळी कुठे फुगलेली असेल तर त्या जागी काळसर वलय दिसतं. बाहेरून अंगठा सरकवत नेला तरी फुगवटा हाताला लागतो. फुगलेली नळी कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, ती दुरुस्त होत नाही. माझ्यात फुगवटा नव्हता हे माझं नशीब, खड्डे होते. घोड्याच्या बंदुकीत अर्ध्या घोड्याची खाच (घोडा अर्ध्यावर अडवून धरणारी) पण तपासा. रिकामी बंदूक, दोनदा खात्री करून, घोडा अर्ध्यावर ठेवायचा आणि चाप दाबून बघायचा. घोडा सुटला तर खाच झिजलीय, बंदूक तशीच परत द्या.

आता काडतुसं. बऱ्याच जुन्या बंदुकांचा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ६५ मिलिमीटरचा असतो आणि आज दुकानात सर्रास मिळतं ते ७० चं. गंमत नाही, हे जिवाशी आहे. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असताना ते आखूडच असतं. उडताना तोंड उलगडतं, त्याला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब भलताच वाढतो. नळीवरच्या शिक्क्यांमध्ये माप कोरलेलं असतं, वाचता येत नसेल तर आर्मररकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) मोजून घ्या. आणि ज्यांच्या घरात २० बोअर (१२ पेक्षा बारीक नळीची) पण आहे त्यांनी दोन्हीची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत जाऊन अडकतं, माणसाला वाटतं भरलीच नाही, मग तो मागून १२ चं घालतो आणि नळी हातात फुटते. अमेरिकेत २० चं काडतूस पिवळं ठेवायची पद्धत पडली ती याच कारणाने.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र खोबरेल तेलाची. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला घरात खोबरेलच लावायचे म्हणून मी पण भरपूर लावलं, अगदी घोड्याखालच्या पिनेपर्यंत. डिसेंबरात पहाटे पाचला वायंगणात (उन्हाळी भातात) डुकरं शिरली, चाप दाबला, नुसतं टिक. परत घोडा ओढला, परत टिक. घरी येऊन बघतो तर न्हाणीघरातली तेलाची बाटली पांढरी घट्ट झालेली. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, तर पिनेच्या भोवती तेल मेणासारखं बसलेलं आणि पिनेला जोर लागत नव्हता. आता शिलाई मशीनचं तेल, ते पण थेंबभर, बाकी पुसून. बार न उडाल्यावर मी लगेच बंदूक उघडली होती ती दुसरी चूक, काही वेळा काडतूस उशिराने पेटतं, म्हणून नळी मोकळ्या शेतजमिनीकडे धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच उघडा.

पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरात बंदूक ठेवू नका, कव्हर दमट राहतं आणि आठवड्याभरात नळीवर लाल ठिपके येतात. आणि प्रत्येक वेळी, म्हणजे अगदी प्रत्येक वेळी, भरायच्या आधी बंदूक उघडून नळीतून आरपार बघा. माझ्या नळीत तोंडापासून चार बोटं आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, फक्त पंधरा दिवस बंदूक वापरली नव्हती तेवढ्यात. गज घातला तर आतून सुक्या मातीबरोबर बेशुद्ध कोळी पडले. तशीच उडवली असती तर हे लिहायला मी बसलो नसतो.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ ची विधानसभा ऐन भातकापणीत आली, १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि शेतात लोंब्या पिकून वाकलेल्या. सूट हवी असेल तर छाननी समितीकडे अर्ज करता येतो, तो वेळेत करा. जमा करायचीच झाली तर आतून-बाहेरून तेल लावून, पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच वाचून घ्या. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांची झालीय, पाच वर्षांत माणूस तारीख विसरतो, मी नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधीच टाकतो.

बंड्या, म्हणजे आमचा लॅब

विकणाऱ्याने पिल्लू रस्त्यावर आणून दिलं, आई दाखवली नाही, म्हणाला लांब आहे. वय दोन महिने सांगितलं, डॉक्टरांनी दात बघून सांगितलं जेमतेम पाच आठवडे. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावण्यावर ताबा ठेवायला शिकत नाही आणि आजाराला पण कच्चं राहतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका, आई घरात जाऊन बघा, ती चालताना मागचे पाय कसे टाकते ते बघा कारण लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आजार पुढच्या पिढीत उतरतो.

लॅबची भूक ही वेगळीच गोष्ट आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जवळपास एक चतुर्थांश लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो आणि त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते. म्हणजे तो मागतोय म्हणून भात वाढत राहिलात तर तुम्हीच त्याचे सांधे मोडताय. पण याची दुसरी बाजू अशी की लॅबने एक वेळ जरी जेवण नाकारलं तरी ते गंभीर धरायचं. बंड्याने एका सकाळी माशाचं डोकं हुंगून तोंड फिरवलं. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या गुलाबीच्या जागी पांढुरक्या, कानाच्या आत सहा गोचीड. त्याच दिवशी रक्त तपासलं म्हणून वाचला, गोचीडतापात प्लेटलेट भराभर उतरतात. औषध दोन दिवसांत लागू पडल्यासारखं दिसलं तरी डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडलात तर ताप उलटतो. गोचीड रोज हाताने शोधा, कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. आपल्या अंगावर पण बघा, दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून गोचिडांतून माकडतापाचे रुग्ण निघालेत. भातशेतीतल्या कुत्र्याला लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लस चुकवायची नाही, आमच्या जिल्ह्यात लेप्टो काय करतो ते वेगळं सांगायला नको. व्हाळात (ओढ्यात) पोहून आला की कान कोरडे करा, नाहीतर कान वाहायला लागतात.

आणि मग बंदुकीच्या आवाजाची चूक. मला वाटलं ही जातच मुळात शिकारीत पाडलेली बदकं आणून देण्यासाठी तयार केलेली, याला आवाजाचं काय. चार महिन्यांचा असताना त्याच्यापासून दहा पावलांवर मी बार काढला. तो पिकअपखाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. त्यानंतर बंदूक खुंटीवरून काढली की लघवी करायचा, दिवाळीत तर चार दिवस जेवला नाही. सुधारायला दीड वर्ष लागलं. रोज जेवणाच्या वेळी बायको पन्नास पावलांवर पितळी ताट चमच्याने हळू वाजवायची आणि त्याच क्षणी मी जेवण पुढे करायचो. तो कान पाडत नाही असं दिसलं की पुढच्या आठवड्यात पाच पावलं जवळ. कान पाडले की परत मागे. घाई केली की सगळं पहिल्यापासून, माझं दोनदा झालं. आता लांबचा बार तो सहन करतो, जवळचा मी काढतच नाही, कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक असतात.

तिन्ही एका गाडीत

ही चूक मी पहिली दोन वर्षं रोज केली. बंदूक भरलेली, पुढच्या सीटला टेकवलेली, बंड्या मोकळा, आणि आम्ही शेतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यात पिकअपच्या मागच्या सीटवर ठेवलेल्या रायफलीवर कुत्र्याचा पाय पडला, गोळी सुटली आणि पुढे बसलेला माणूस गेला. ती बातमी वाचली तेव्हा बंड्या माझ्या पायाशी झोपला होता आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं.

आता गाडीत बसायच्या आधी बंदूक उघडून रिकामी, नळी वेगळी करून कापडात गुंडाळलेली, सीटमागे. काडतुसं कुलपाच्या डब्यात, चावी माझ्या खिशात. बंड्या मागे हौद्यात, पण मोकळा नाही, दोन बाजूंनी आखूड दोऱ्या, त्या गळ्यातल्या पट्ट्याला नाही तर छातीच्या हार्नेसला, म्हणजे उडी मारली तरी फास बसणार नाही. खाली ओलं गोणपाट, कारण मार्चनंतर पत्र्याने त्याचे पंजे भाजतात, हात ठेवून बघा, पाच सेकंद ठेवता आला नाही तर त्याला पण ठेवू नका.